शिक्षेचें माप

गुन्हा घडला असतां अपराध्यास शिक्षा व्हावी, याविषयीं लोकांत फारसा मतभेद आढळत नाहीं. वाद उपस्थित होतो तो शिक्षा किती व्हावी आणि ती कोणत्या मापानें मोजावी, या ठिकाणीं. युरोपांत या वादास व्यवस्थित रूप देण्याचें श्रेय बव्हंशीं मिलान शहरच्या चेझारे बेक्कारिया (१७३८-१७९४) याजकडे जातें. 'अपराध आणि शिक्षा यांविषयीं' हा त्याचा लहानसा ग्रंथ १७६४ सालीं लिव्होर्नो येथें छापला गेला, आणि त्यावर ग्रंथकर्त्याचें नांव नव्हतें. त्या ग्रंथाचें मर्म काय, व तें कोठें अपुरें पडलें, याचा विचार आम्ही येथें थोडक्यांत करणार आहों.

तत्कालीन न्याय कसा होता, हें एका उदाहरणावरून कळेल. फ्रान्समधील तुलूझ शहरीं झां कालास नांवाचा एक प्रॉटेस्टंट व्यापारी राहत असे. १७६१ सालीं त्याचा मुलगा घरांत मेलेला आढळला. मुलगा कॅथॉलिक होणार होता म्हणून बापानेंच त्याचा जीव घेतला, अशी आवई उठली. आणि न्यायाधीशांनीं म्हाताऱ्यास दोषी ठरविलें. कबुलीसाठीं त्याचे हाल करण्यांत आले, आणि १७६२ च्या मार्च महिन्यांत चाकावर हाडें मोडून त्यास मारण्यांत आलें. अखेरपर्यंत तो आपण निरपराधी असल्याचें सांगत होता. व्हॉल्टेअरनें हें प्रकरण हातीं धरल्यावर १७६५ त निकाल फिरला. पण कालास कांहीं परत आला नाहीं.

बेक्कारियाच्या मित्रमंडळींत असल्या विषयांची नित्य चर्चा होई. त्यांपैकीं आलेस्सांद्रो व्हेरी हा कैद्यांची दाद लावून देण्याच्या हुद्द्यावर असल्यामुळें तुरुंगांतील स्थिति या मंडळीस चांगली ठाऊक होती. बेक्कारियाचें म्हणणें सरळ आहे. छळ करून कबुली घेण्याच्या रीतींत दणकट गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराधी अडकतो. शिक्षेचा हेतु सूड नव्हे. पुन्हा अपराध घडूं नये, हा होय. या हेतूस पुरेल इतकीच शिक्षा न्याय्य. त्यापुढें ती जुलूम होते. ती अपराधाच्या प्रमाणांत असावी. चोरीस व खुनास एकच दंड ठेविला, तर चोरानें साक्षीदारास जिवंत कां सोडावें? शिवाय शिक्षेच्या क्रूरतेपेक्षां ती खास आणि लौकर होणार, या खात्रीचाच धाक मोठा असतो.

१७६६ सालीं रोमनें हा ग्रंथ निषिद्ध पुस्तकांच्या यादींत घातला, आणि त्याच सालीं व्हॉल्टेअरनें त्यावर भाष्य प्रसिद्ध केलें. १७८६ त टस्कनीचा अधिपति लेओपोल्ड यानें आपल्या राज्यांतून देहान्तशिक्षा काढून टाकिली. पुढल्या वर्षीं त्याचा भाऊ सम्राट दुसरा जोसेफ यानेंही लष्करी कायद्याचा अपवाद ठेवून तसेंच केलें.

परंतु येथेंच एक पेंच उत्पन्न झाला. फांशीच्या क्षणभर दृश्यापेक्षां जन्मभरची कष्टाची कैद पाहणाऱ्यास अधिक भिववील, असा बेक्कारियाचा एक मुख्य मुद्दा होता. जोसेफच्या राज्यांत कैद्यांस डॅन्यूब नदींतून प्रवाहाविरुद्ध नावा ओढण्याच्या कामीं जुंपूं लागले, आणि श्रमानें व रोगानें त्यांतील पुष्कळजण मेले. जोसेफच्या मागून गादीवर आलेल्या लेओपोल्डनें ही शिक्षा बंद केली. ती बेक्कारियानें सुचविली नव्हती, हें खरें. तथापि 'अधिक धाक कशाचा?' एवढेंच माप हातीं धरिलें, तर तिला नाहीं म्हणण्यास आधार उरत नाहीं. अपराध्यास परहिताचें केवळ साधन करूं नये, असें कांट यानें १७९७ त बजाविलें तें याचकरितां. मात्र खुन्यास देहान्तशिक्षाच हवी, असाही त्याचा आग्रह होता, व बेक्कारियाचें मत त्यास भलत्या दयाळूपणाचें वाटलें.

आमच्या मतें या पेंचांतून सुटण्याची वाट बेक्कारियानेंच उत्तरवयांत दाखविली. १७९२ त लोंबार्दीच्या फौजदारी कायद्याचा विचार करणाऱ्या समितींत त्यानें दोन सहकाऱ्यांसह देहान्तशिक्षेविरुद्ध मत नोंदविलें. त्यांतील एक कारण असें कीं, पुरावा कितीही बळकट दिसला तरी तो मनुष्यांनीं पारखलेला असतो, आणि देहान्त एकदां घडल्यावर चूक दुरुस्त होत नाहीं. येथें माप धाकाचें राहिलें नाहीं. तें न्यायाधीशाच्या अपुऱ्या ज्ञानाचें झालें.

हा विचार आम्हांस परका नाहीं. बेक्कारियापासून बेंथॅम शिकला. बेंथॅमच्या विचारांचा संस्कार घेऊन मेकॉलेनें १८३७ त मसुदा केला, आणि त्यांतून १८६० चा भारतीय दंडविधानाचा कायदा निघाला. त्यांत फांशीही होती आणि काळें पाणीही होतें. काळें पाणी १९५५ च्या कायद्यानें जाऊन त्या जागीं जन्मठेप आली. १ जुलै २०२४ पासून अमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेनें किरकोळ अपराधांकरितां समाजसेवेची शिक्षा नव्यानें घातली, परंतु फांशी कायम ठेविली. तेव्हां कोणतीही शिक्षा तोलतांना तिनें किती लोक भितील, एवढेंच पाहून भागणार नाहीं. आपला निकाल उद्यां खोटा ठरला, तर या मनुष्यास आपण काय परत देऊं शकूं, हेंही विचारावें लागेल. तुलूझच्या न्यायाधीशांनीं तें विचारिलें नव्हतें.