कूटच्या शिपायाची विधवा : कागदांतील मागोवा

पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियातील कूट-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून जी फौज वेढ्यात अडकली, तीत १०३, ११० व ११७ क्रमांकांच्या मराठा पलटणी होत्या. २९ एप्रिल १९१६ रोजी उपासमारीने फौज शरण गेली आणि तुर्कांची कैद वाट्यास आली. याच पलटणी पुढे ज्या रेजिमेंटमध्ये सामावल्या, तिचे केंद्र आपल्या बेळगावात आहे.

बसरा येथील स्मारकावर गोऱ्या सैनिकांची व हिंदी अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली. हिंदी शिपायांची पलटणवार केवळ संख्या. त्यांची नावे नोंदवहीत सापडतात, पण तेथेही बहुधा वडिलांचे नाव, गाव व तालुका एवढीच ओळख. पत्नीचा पत्ता पेन्शनच्या कागदांत शोधावा लागतो. तिचे माहेरचे नाव लग्नात बदललेले असते, ही पहिली अडचण. हयातीच्या दाखल्यांवर अंगठा उमटत राहतो, आणि एके वर्षी कागद एकाएकी थांबतात.

येथेच प्रस्तुत लेखकाची चूक झाली. एका घराण्याच्या वंशावळीत अशाच एका स्त्रीपुढे मी ‘अल्पवयात निधन’ असे लिहून दिले. घरातल्या वडीलधाऱ्यांनीही मान डोलावली होती! परंतु विधवेचे पेन्शन मृत्यूप्रमाणेच पुनर्विवाहानेही बंद होई, आणि आपल्याकडील अनेक जातींत पाट लावण्याची रूढ चाल होती. कुलवृत्तान्तांना मात्र अशी स्त्री नकोशी असते. तिला मृत ठरविणे सोयीचे.

पुढे गावच्या फेरफाराच्या वहीत ती भेटली. १८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरविला, पण पहिल्या पतीच्या मिळकतीवरील तिचा हक्क काढून घेतला. त्यामुळे जमिनीवरून तिचे नाव कमी करताना कारण लिहावे लागे. ज्या कायद्याने तिची जमीन नेली, त्यानेच तिचा माग ठेवला. म्हणून पेन्शनचे कागद संपले, तरी शोध संपवू नये. फेरफार, जन्ममृत्यूची नोंद आणि त्र्यंबकेश्वरच्या क्षेत्रोपाध्यांच्या वह्या एकमेकींशी ताडून पाहाव्यात.

त्या नोंदीत ‘पाट लावून परगावी गेली’ एवढेच शब्द आहेत. वंशावळीतील ‘निधन’ हा शब्द मी खोडला आहे. त्या जागी कोणते गाव लिहावयाचे, ते अजून शोधतो आहे.