स्क्रू नेमका कुठे चाललाय?

पीएचडी करत असताना एकदा लॅबमध्ये मी हौसेनं ड्रिल हातात घेतलं. समोर पेल्व्हिसचं, म्हणजे कमरेच्या हाडांच्या कड्याचं प्लास्टिकचं मॉडेल होतं. बाहेरच्या बाजूने तार घालून ती मधल्या हाडात सरळ न्यायची, एवढंच काम. मला वाटलं, छान जमलं. मॉडेल फिरवून पाहिलं, तर तारेचं टोक पुढून बाहेर आलेलं! खऱ्या माणसात तिथून एल-५ ही नस जाते. तिला इजा झाली तर पाऊल वर उचलता येत नाही.

तेव्हापासून मला एक प्रश्न पडलाय. डोळ्यांना न दिसणाऱ्या हाडात नेमका स्क्रू बसवायला माणूस शिकला तरी कसा?

आधी थोडं शरीराबद्दल. दोन बाजूंची कमरेची हाडं आणि मागे मधोमध सेक्रम, असं हे कडं असतं. ते सहजासहजी तुटत नाही. गाडीची जोरदार धडक बसली किंवा माणूस उंचावरून पडला, की तुटतं. आणि तुटलं की आत जीवघेणा रक्तस्राव होऊ शकतो. पूर्वी अशा पेशंटला आठवडेच्या आठवडे झोळीत किंवा वजनं लावून झोपवून ठेवत. जगला-वाचला तरी हाड वाकडं जुळायचं, एक पाय आखूड व्हायचा, बसताना दुखायचं.

१९७०च्या दशकात पॅरिसच्या एमिल लेतुर्नेल यांनी कमरेच्या हाडातून थेट सेक्रममध्ये जाणारा स्क्रू वापरात आणला. पण त्यासाठी मागची बाजू उघडावी लागे, आणि अपघातात आधीच चेचलेल्या त्वचेवर मोठी जखम म्हणजे जंतुसंसर्गाला आमंत्रण. १९९०च्या दशकात सिअ‍ॅटलच्या चिप राउट यांनी दुसरी पद्धत रुळवली. पेशंट उताणा, छोटीशी चीर आणि सगळं लक्ष सी-आर्म या फिरत्या एक्स-रे यंत्राच्या पडद्यावर.

यालाच फ्रीहँड म्हणतात. ऐकायला सोपं वाटतं, पण पडद्यावर दिसते ती सपाट सावली. डोक्याकडून तिरका एक्स-रे घेतला की तार पुढे चालली की मागे, ते कळतं. पायाकडून तिरका घेतला की वर चालली की खाली, ते कळतं. एकात दुरुस्त करावं तर दुसऱ्यात बिघडतं. त्यात काहींच्या सेक्रमची ठेवण जन्मतःच वेगळी असते, मग वाट आणखी अरुंद. आणि प्रत्येक वेळी पाहायचं म्हणजे आणखी किरणं. ती पेशंटला लागतातच, शिवाय शिशाचे एप्रन घालून थिएटरमध्ये उभ्या असणाऱ्यांनाही रोज थोडी थोडी लागतात.

रोबोट आला तो इथे. हाडांच्या शस्त्रक्रियेत तो नवा नव्हता. १९९२ मध्ये कॅलिफोर्नियात रोबोडॉकने खुब्याच्या सांधेबदलासाठी हाड कोरलं होतं. पेल्व्हिसच्या स्क्रूसाठी मात्र मोठं काम झालं चीनमध्ये. बीजिंगच्या जिशुइतान हॉस्पिटलच्या सहभागातून घडलेल्या तिरोबोटला २०१६ मध्ये तिथे मान्यता मिळाली. पेशंटच्या हाडाला एक खूणयंत्र बसवतात, टेबलावरच त्रिमितीय स्कॅन घेतात, सर्जन पडद्यावर स्क्रूची वाट आखतो. मग रोबोटचा हात त्या दिशेला येऊन नळी धरून थांबतो. पण ड्रिल चालवतो सर्जनच! म्हणजे इथे रोबोट ऑपरेशन करत नाही, बोट दाखवतो.

मग फरक किती पडतो? मुख्यतः चीनमधून आलेल्या अभ्यासांत चित्र साधारण असं दिसतं: एक्स-रे कमी लागतात, तार पुन्हा पुन्हा घालावी लागत नाही, स्क्रू जास्त नेमका बसतो. पण काही महिन्यांनी पेशंट कसा चालतो, हाड कसं जुळलं, हे पाहिलं तर दोन्ही गटांत फारसा फरक उरत नाही. यात नवल नाही. स्क्रू घालण्याआधी सरकलेलं कडं जागेवर किती नीट आणलं, अपघातातच नसांना किती मार बसला, यावर बरंच काही ठरतं. तिरोबोट ते कडं जागेवर आणत नाही. आणि खूणयंत्र जरा हललं, तर तो तितक्याच ठामपणे चुकीची वाट दाखवेल. तेव्हा तिरक्या एक्स-रेकडे बघून ‘थांबा’ म्हणणारा माणूस लागतो, आणि तो फ्रीहँड शिकलेलाच असावा लागतो.

हे सगळं सांगायचं कारण म्हणजे आपण इतक्या लांब राहतो. गावाकडे कुणाचा अपघात झाला की घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आपला पहिला मेसेज असतो, ‘तिथे रोबोट आहे का?’ रोबोट असला तर चांगलंच. थिएटरमधल्या लोकांच्या अंगावरची किरणंही कमी होतील. पण त्याआधी विचारा: या सर्जननी अशी किती ऑपरेशन्स केली आहेत? आणि रोबोट नाही म्हणून पेशंटला तासन्‌तास गाडीत घालून दुसरीकडे हलवायचा आग्रह फोनवरून धरू नका. तुटलेल्या पेल्व्हिसमध्ये रक्त वाहत असतं. तिथे आधी वेळ महत्त्वाची, मिलिमीटर नंतर.

लॅबमधलं ते मॉडेल अजून माझ्याकडे आहे. तार मी तशीच ठेवलीये, पुढून बाहेर आलेली.