गाडी नाही, लायसन निलंबित: मग विमा कुणाचा? दोन कागदांचा इतिहास

मागच्या व्याख्यानानंतर यवतमाळचा एक तरुण माझ्यापाशी येऊन म्हणाला, "सर, माही सोताची गाडी नाही. दुसऱ्याची चालवतो. तीन महिने लायसन सस्पेंड झालं. आता सोडवायचं तं विमा दाखवा लागते म्हणते एक जन. गाडीच नाही तं विमा कायचा दाखवू?"

त्याला कुणीतरी मोबाइलवर अमेरिकेतली माहिती दाखवली होती. तिथे अशी पद्धत खरोखर आहे. लायसन निलंबित झालं की बऱ्याच राज्यांत विमा कंपनीकडून सरकारकडे 'एसआर-२२' नावाचा दाखला जावा लागतो, आणि स्वतःची गाडी नसेल तर नुसत्या चालवणाऱ्याच्या नावाची पॉलिसी मिळते. आपल्याकडे असा दाखला नाही. लायसन परत मिळवायला आरटीओ विम्याचा कागद मागत नाही. त्या मुलाला मी उभ्या उभ्या एवढंच सांगितलं. पण घरी गेल्यावर वाटलं, प्रश्न एवढ्यावर संपत नाही. तिकडे गाडी नसलेल्या माणसाच्या नावाचाही विमा निघतो आणि इकडे तो गाडीमागेच जातो, हे कसं झालं? आणि ज्याची गाडीच नाही, त्याचं यात काय होतं? आज त्याच्याबद्दलच बोलू.

सुरुवात १९१४ पासून करू. त्या साली हिंदुस्थानचा पहिला देशव्यापी मोटार कायदा झाला. त्यात गाडीची नोंदणी होती, चालवणाऱ्याचं लायसन होतं. सक्तीचा विमा नव्हता. आपला वऱ्हाड तेव्हा कायद्याच्या भाषेत 'ब्रिटिश इंडिया' नव्हताच. १९०२ साली इंग्रजांनी तो निजामाकडून कायमच्या पट्ट्याने घेतला होता, त्यामुळे इंग्रजी कायदे इथे वेगळ्या अधिसूचनांनी लागू करावे लागत. आणि यवतमाळात तेव्हा मोटारी किती असतील? कापूस बंडीतून जिनिंगला जायचा, आणि पुढे मूर्तिजापूरपर्यंत आपली छोट्या रुळांची शकुंतला होतीच. म्हणजे पहिला कागद आला तो माणसाचा. हा माणूस गाडी चालवायला लायक आहे की नाही, एवढंच तो सांगायचा.

दुसरा कागद विलायतेतून आला. मोटारीखाली माणूस मरायचा, कोर्ट भरपाईचा हुकूम द्यायचं, आणि मोटारवाल्याच्या खिशात दमडी नसायची. हातात निकाल आणि घरात चूल थंड. म्हणून इंग्लंडने १९३० च्या कायद्याने तिऱ्हाइताचा विमा सक्तीचा केला. थर्ड पार्टी म्हणतो तो. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सने तो १९२७ पासूनच सुरू केला होता. पण तिथल्या इतर बऱ्याच राज्यांनी दुसरी वाट धरली. सगळ्यांवर सक्ती करायची नाही. ज्याच्या हातून अपघात झाला किंवा गुन्हा घडला, त्याने मात्र यापुढे भरपाईची ऐपत आहे हे सिद्ध करायचं. आजचा एसआर-२२ हा त्याच विचाराचा नातू. तिथे प्रश्न पहिल्यापासून माणसाला विचारला गेला: तू पैसे भरू शकशील का?

आपण इंग्लंडची वाट धरली. १९३९ साली नवा मोटार वाहन कायदा आला. त्याच्या आठव्या प्रकरणात सक्तीचा विमा होता, पण मध्ये महायुद्ध पडलं आणि ते प्रकरण प्रत्यक्षात लागू झालं १ जुलै १९४६ ला. आता गंमत बघा. कायद्याचं वाक्य काय म्हणतं? त्या माणसाने त्या वाहनाचा जो वापर केला, त्या वापराला लागू असलेली पॉलिसी हवी. म्हणजे अक्षरात माणूसही आहे आणि वाहनही आहे. आजच्या १९८८ च्या कायद्यात, कलम १४६ मध्ये, रचना तीच आहे. इंग्लंडात याच धर्तीच्या शब्दांतून आपल्या पॉलिसीवर दुसऱ्याची गाडी चालवण्याची सोय निघाली. आपल्याकडे व्यवहार गाडीच्या नंबराला चिकटला. एमएच-२९ अमुक तमुक, तिची पॉलिसी. चालवणारा कोण? 'कोणीही'.

पण त्या 'कोणीही'ला एक शेपूट आहे. पॉलिसीत ड्रायव्हर क्लॉज असतो. कोणीही चालवो, मात्र अपघाताच्या वेळी त्याच्याकडे चालू लायसन हवं आणि लायसन बाळगायला तो अपात्र ठरलेला नसावा. १९१४ चा कागद आणि १९४६ चा कागद या एका ओळीत येऊन भेटतात. लायसनचं निलंबन आणि विमा यांचा आपल्याकडे संबंध येतो तो इथे.

आता वणीच्या कोळशाचा ट्रक डोळ्यांपुढे आणा, किंवा पांढरकवड्यावरून आदिलाबादकडे जाणारा कापसाचा. मालक एक, ड्रायव्हर दुसरा, सोबत क्लीनर. ड्रायव्हरचं लायसन निलंबित आहे, मालकाला पत्ता नाही, आणि रस्त्यावरचा एक शेतकरी गेला. कंपनी म्हणणार, अट मोडली, आम्ही देणार नाही. मग त्या शेतकऱ्याच्या बायकोने कुणाकडे बघायचं?

कोर्टाने हे कोडं हळूहळू सोडवलं. १९८७ चा स्कँडिया खटला घ्या. ड्रायव्हर इंजिन चालू ठेवून समोरच्या दुकानात खायला आणायला गेला. बिनलायसनच्या क्लीनरने ट्रक हलवला आणि माणूस मेला. सुप्रीम कोर्ट म्हणालं, मालकाने लायसनवाला ड्रायव्हर नेमला होता, अट त्याने स्वतः मोडलेली नाही. कंपनीने पैसे द्यावेत. पुढे ५ जानेवारी २००४ ला स्वर्णसिंग खटल्याचा निकाल आला. लायसन नव्हतं, खोटं होतं किंवा ड्रायव्हर अपात्र होता, एवढ्यावर कंपनीची सुटका नाही. मालकाने जाणूनबुजून किंवा निष्काळजीपणाने अट मोडली, हे कंपनीने सिद्ध करायचं. आणि ते सिद्ध झालं तरी ट्रिब्युनल सांगू शकतं की आधी पीडिताला द्या, मग मालकाकडून वसूल करा. वकील मंडळी याला 'पे अँड रिकव्हर' म्हणतात.

म्हणजे रस्त्यावरचा माणूस बऱ्यापैकी सांभाळला गेला. मालकालाही बचावाला जागा मिळाली. पगारी ड्रायव्हरलाही कायद्याने थोडं झाकलं आहे. गाडीचा विमा नाही हे त्याला माहीत नसेल आणि तसा संशय घ्यायला कारणही नसेल, तर बिनविम्याची गाडी चालवल्याचा दोष त्याच्यावर येत नाही. कामावर असताना तो मेला किंवा जखमी झाला, तर कामगार भरपाईच्या कायद्याखालची जबाबदारी गाडीच्या पॉलिसीत येते.

उरला कोण? ज्याची गाडी नाही आणि जो पगारीही नाही. मित्राची बाइक मागून नेणारा, मामाची मोटरसायकल घेऊन दिग्रसला लग्नाला जाणारा. आपल्या जिल्ह्यात अशी माणसं घरोघरी आहेत. २००९ साली निंगम्मा खटल्यात हाच प्रश्न सुप्रीम कोर्टापुढे आला. कर्नाटकातला एक माणूस मागून आणलेल्या मोटरसायकलवरून गावी निघाला, बैलगाडीला धडकला आणि गेला. कोर्ट म्हणालं, गाडी मागून नेणारा हा मालकाच्याच जागी उभा राहतो. मग तो तिऱ्हाईत होत नाही, आणि तेव्हाच्या कलम १६३-अ खाली त्या गाडीच्या विमा कंपनीकडे त्याच्या घरच्यांना भरपाई मागता येत नाही. दुसरीकडे, पंधरा लाखांचं जे सक्तीचं अपघाती विमाकवच आहे, ते असतं मालक-चालकासाठी. म्हणजे भरपाई मागायला गेला तर तो मालक, आणि कवच मागायला गेला तर तो मालक नाही! या दोन कागदांच्या मधल्या फटीत हा माणूस पडतो.

माझं म्हणणं असं, की हे कुणी ठरवून केलेलं नाही. लायसनचा कागद माणसाकडे बघत आला, विम्याचा कागद गाडीकडे बघत आला. दोन्ही वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या भीतीतून जन्मले. गाडी नसलेला चालक हा कोणत्याच कागदाचा मुख्य विषय कधी झाला नाही. अमेरिकेतली पद्धत सगळी चांगली असं मी म्हणत नाही. तिथे हप्ते महाग पडतात आणि ते गरिबाला जास्त टोचतात. पण गाडी नसलेल्या माणसाला तिथे निदान एक नाव आहे, त्याच्यासाठी एक पॉलिसी आहे.

आता त्या तरुणाला काय सांगायचं ते सांगून थांबतो, कारण इतिहास सांगून माणसाला दारात उभं ठेवणं बरं नाही.

पहिलं, निलंबनाचा लेखी हुकूम मागून घे. कलम १९ खाली हुकूम करण्यापूर्वी तुझं म्हणणं ऐकून घ्यावं लागतं. हुकूम मान्य नसेल तर तो मिळाल्यापासून ३० दिवसांत अपील आहे. दुसरं, मुदत संपेपर्यंत स्टेअरिंगला हात लावू नकोस. अपात्र असताना चालवलं तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा दहा हजार दंड किंवा दोन्ही. आणि अपघात झाला तर कंपनीला आधी भरायला लावलं, तरी वसुली मालकाच्या दारात जाऊ शकते. मालकाला अंधारात ठेवू नकोस. त्याचं घर यात जाऊ शकतं. तिसरं, २०१९ च्या दुरुस्तीने निलंबनानंतर उजळणी प्रशिक्षण घ्यायला सांगितलं आहे, त्याची आरटीओत चौकशी कर. चौथं, दुसऱ्याची गाडी घेताना चावीबरोबर पॉलिसी बघ. तिची तारीख बघ, आणि मालकाखेरीज चालवणाऱ्याला अपघाती कवच आहे का तेही बघ. नसेल तर स्वतःच्या नावाची वैयक्तिक अपघात पॉलिसी घेता येते. ती माणसामागे जाते. मात्र लायसन नसताना चालवलं तर तिच्यावरही भरवसा ठेवता येत नाही, म्हणून अटी वाचूनच सही कर.

तो मुलगा शेवटी म्हणाला होता, "म्हंजे सर, मी कागदावर नाहीच?" मी तेव्हा हसलो होतो. आज उत्तर देतो. लायसनवर तू आहेस बाबा. विम्याच्या कागदावर तुला जागा मिळायला अजून एखादी दुरुस्ती लागेल. तोवर आपली जागा आपणच धरून ठेवायची.

प्रश्न असतील तर घेऊ या.