सुरतचा प्लेग आणि रक्ताचा दुसरा नमुना

१९९४ च्या सप्टेंबरात सुरत आणि उधन्याच्या फलाटांवर जी गर्दी लोटली, तिच्यात आपल्या खानदेशी घरांतील माणसे किती होती, याची मोजदाद कोणी केली नाही. वेड रोडकडून रोगाची वार्ता आली आणि नंदुरबार, अमळनेर, जळगावकडे जाणाऱ्या गाड्या ओसंडू लागल्या. आज गोडादऱ्यात स्थिरावलेल्या जुन्या कुटुंबांत त्या दिवसांचा विषय निघाला, की शेवटी कोणीतरी विचारतेच : तो खरोखर प्लेग होता काय? या शंकेचे मूळ आम्हांस रक्ताच्या चाचणीत दिसते.

१९६६ नंतर भारतात प्लेगचा रोगी नोंदलेला नव्हता. चाचणीचा सराव सुटला होता. प्लेगचा जंतू मानवी देहाच्या उष्णतेत स्वतःभोवती प्रथिनाचे एक कवच विणतो. त्याला 'एफ-१' प्रतिजन म्हणतात. ते विरघळून रक्तात उतरते आणि देह त्याविरुद्ध प्रतिपिंडे घडवतो. हे प्रतिजन मेंढीच्या तांबड्या रक्तपेशींवर चढवायचे, रोग्याचा रक्तद्रव पायरीपायरीने पातळ करीत त्यात मिसळायचा आणि कोणत्या पायरीपर्यंत पेशींच्या गुठळ्या होतात ते पाहायचे, अशी ती पद्धत. पण प्रतिजन निराळ्या घाण्याचे असले, वा गुठळी ओळखणारी नजर निराळी असली, तर आकडाही निराळा येतो. म्हणून प्रत्येक वेळी ज्ञात रक्तद्रव सोबत तपासावा लागतो. शिवाय नमुन्यात मोकळे एफ-१ घालून गुठळ्या थांबतात की नाही हेही पाहावे लागते. थांबल्या, तरच त्या खऱ्या. एवढे सोपस्कार पाळले नाहीत, तर दोन प्रयोगशाळांचे आकडे शेजारी मांडण्यात अर्थ नाही.

त्यातही एकाच नमुन्याचा आकडा केवळ संशय दाखवतो. काही आठवड्यांनी दुसरा नमुना घेऊन प्रमाण चौपट वाढलेले दिसले, तर निदान पक्के. आणि इथेच घोडे पेंड खात होते. पहिला नमुना सुरतेत दिलेला माणूस दुसऱ्याच्या वेळी खानदेशातल्या आपल्या गावी असण्याचाच संभव अधिक. भीतीपोटी लोकांनी टेट्रासायक्लिनही घेतले होते. त्यामुळे जंतू वाढवून पाहण्याची वाटही अरुंद झाली. पळालेल्यांना तेव्हा पुष्कळ बोल लावले गेले. आम्हांस ते न्याय्य वाटत नाही. भ्यालेला माणूस गावाकडेच जाणार. त्याचा माग काढणे हे काम व्यवस्थेचे होते.

डॉ. रामलिंगस्वामी यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९९५ मध्ये प्लेगचाच निर्वाळा दिला. २००० साली हैदराबादच्या संशोधकांनी साथीतील जंतूंची जनुकीय ओळख पटवून त्याला दुजोरा दिला. पुढे २००३ मध्ये मादागास्करमध्ये पारखलेली एक पट्टी प्रसिद्ध झाली. ती प्रतिपिंडांची वाट न पाहता खुद्द एफ-१ च शोधते, एका मिलिलिटरमध्ये अर्धा नॅनोग्रॅम असले तरी, आणि तेही पंधरा मिनिटांत. गाडी सुटण्यापूर्वी, फलाटावरच, उत्तर मिळाले असते.

गावी जाऊन ताप अंगावर काढलेले, बरे होऊन पुन्हा मागावर रुजू झालेले कितीतरी जण आपल्यात आहेत. त्यांचे रक्त कोणी दुसऱ्यांदा मागितलेच नाही.