गोट्यांच्या रानातली वाइन

इटलीच्या टस्कनी प्रांतातल्या महागड्या लाल वाइनना ‘सुपर टस्कन’ म्हणतात आणि त्यांची जन्मकथा बंडाची कथा म्हणून सांगितली जाते: सरकारी नियमांना कंटाळलेल्या बागायतदारांनी फ्रेंच द्राक्षं लावली आणि कायदा धाब्यावर बसवून उत्तम वाइन साध्या ‘टेबल वाइन’ म्हणून विकली. पण या कुळाच्या मूळपुरुषाला, टस्कनीच्या किनाऱ्यावरच्या बोल्गेरी गावातल्या सास्सिकाया या वाइनला, ही कथा लागूच पडत नाही. मारियो इन्चिझा देल्ला रोक्केत्ता यांनी तिथे काबर्ने या फ्रेंच द्राक्षाच्या काड्या लावल्या १९४४ मध्ये. वाइनचा प्रदेश आणि त्यात चालणारी द्राक्षं ठरवणारा डीओसीचा कायदा आला १९६३ मध्ये. जो नियम जन्मलाच नव्हता, तो मोडायचा कसा? शिवाय पुढची वीसेक वर्षं ही वाइन घरच्यांपुरतीच होती. बाजारात पहिल्यांदा आली ती १९६८ च्या हंगामाची.

मग कूळ शोधायचं कुठे? नावातच. ‘सास्सो’ म्हणजे दगड; सास्सिकाया म्हणजे गोट्यांची जमीन. मारियोंना बोर्दोच्या वाइनची गोडी होती, आणि बोर्दोतल्या ग्राव्ह भागाचं नावही तिथल्या गोट्यांवरूनच पडलेलं. अशा जमिनीत पाणी थांबत नाही, मुळं खोल जातात, वेल पानांचा पसारा वाढवत नाही. काबर्ने उशिरा पिकतं, त्याला गोट्यांत साठलेली ऊब मानवते. मागे डोंगर थंड वारे अडवतात, समोरून तिऱ्हेनियन समुद्राची झुळूक घडांना कोरडं ठेवते. तरी हे सगळं तेव्हा कुणाला ठाऊक होतं? बोल्गेरी ज्यात येतं तो मारेम्माचा किनारा मलेरियाच्या दलदलीसाठीच ओळखला जाई. पहिली बाग तर समुद्रापासून लांब, उंच टेकडीवर लावली. वेली खाली उतरल्या त्या नंतर. मला या वाइनच्या जन्मातलं खरं धाडस इथे दिसतं.

वेल परकी, मग वाइन टस्कनीची कशी, असा आक्षेप येतो. पण या काड्या बोर्दोहून आणल्या नव्हत्या. पिसाजवळच्या मिल्यारिनो इथल्या जुन्या बागेतून आल्या होत्या. दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे: तिन्यानेल्लो या दुसऱ्या सुपर टस्कनचं काय? तिथे बंड खरंच होतं. १९६७ च्या नियमांनुसार क्यान्ती या टस्कनीच्या पारंपरिक लाल वाइनमध्ये पांढरी द्राक्षं मिसळणं सक्तीचं होतं. पिएरो अँतिनोरी यांनी १९७१ ची तिन्यानेल्लो क्यान्तीच्या नावाबाहेर काढली आणि १९७५ पासून पांढरी द्राक्षं पूर्ण वगळली. मात्र पिएरो हे मारियोंच्या मेहुणीचे चिरंजीव, आणि दोन्ही वाइनना हात लागला तो जाकोमो ताकिस या एकाच तंत्रज्ञाचा. म्हणजे बंड धाकट्या पातीचं. थोरली पाती आधीच आपल्या गोट्यांत रुजलेली होती.

सास्सिकायाच्या लेबलावर ‘टेबल वाइन’ हे शब्द होते, हे खरं. त्याचं कारण मात्र नियमभंग नव्हतं, बोल्गेरीच्या लाल वाइनला नियमांत जागाच नव्हती. १९७८ मध्ये लंडनच्या डिकँटर मासिकाच्या चाचणीत १९७२ ची सास्सिकाया देशोदेशीच्या काबर्नेंमध्ये पहिली आली. तरी १९८३ मध्ये बोल्गेरीला डीओसी मिळाली ती फक्त पांढऱ्या आणि गुलाबी वाइनसाठी. लालला जागा मिळाली १९९४ मध्ये. २०१३ मध्ये ‘बोल्गेरी सास्सिकाया’ ही स्वतंत्र डीओसी झाली, एकाच मळ्यापुरती, आणि त्यात काबर्ने सोव्हिन्यों किमान ८० टक्के असणं आता कायद्यानंच बंधनकारक आहे.