वेगवान मोटार आणि तिचे टायर

सुतारानें घडविलेल्या बैलगाडीच्या चाकावर लोहार लोखंडी धांव चढवितो, तें दृश्य आपणांपैकीं कित्येकांनीं पाहिलें असेल. धांव तापवून लाल करावयाची, चाकावर बसवावयाची आणि वर पाणी ओतावयाचें. थंड होतां होतां ती आवळते व चाकाचे सारे आरे एकमेकांना घट्ट धरून बसतात. या धांवेकडून आपली अपेक्षा माफक असते. चाक मोकळें होऊं नये आणि लांकूड झिजूं नये, एवढें तिनें केलें म्हणजे झालें. रस्ता धरून ठेवण्याचें काम तिला कोणी सांगत नाहीं. कारण बैलांचा वेग तो किती असणार!

मोटारीच्या टायराची गोष्ट निराळी आहे. त्यानें भार वाहावा, धक्के सोसावे, वळणावर रस्ता धरावा, पावसांत पाणी बाजूला सारावें, तापूं नये आणि लवकर झिजूंहि नये, अशा अपेक्षा आपण त्याच्याकडून एकाच वेळीं करतों. यांतल्या कित्येक अपेक्षा परस्परविरोधी आहेत. रस्त्याला चांगलें चिकटणारें मऊ रबर लवकर झिजतें. पुष्कळ टिकणारें कठीण रबर ओल्या रस्त्यावर दगा देण्याचा संभव असतो. ज्याच्या घरीं एखादी जलद धांवणारी स्पोर्ट्स मोटार आहे, त्याच्यापुढें झिजलेले टायर बदलण्याचा प्रसंग आला म्हणजे हा विरोध मूर्तिमंत उभा राहतो. दुकानदार दहा नांवें सांगतो, दहा किंमती सांगतो. आणि निवड चुकली तर तिची किंमत मात्र पैशांत मोजतां येत नाहीं. मोटार केवढीहि बलवान असो, ती जमिनीला चारच ठिकाणीं टेकते, आणि त्यांतील प्रत्येक ठिकाण सुमारें तळहाताएवढें असतें. ही निवड कशी करावी, याचें उत्तर मला टायराच्या इतिहासांत सांपडतें, म्हणून तो थोडक्यांत आपणांपुढें ठेवतों.

हवा भरलेल्या चाकाची कल्पना मोटारीहून जुनी आहे. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉटिश अभियंत्यानें तिचें पेटंट घेतलें. रबर लावलेल्या कापडाची नळी, तिच्यावर चामड्याचें वेष्टन आणि आंत हवा, अशी त्याची रचना होती. १८४७ मध्यें लंडनच्या रीजंट्स पार्कमध्यें घोड्याच्या गाडीला तशीं चाकें लावून त्यानें लोकांना तीं दाखविलींहि. पण घोड्याच्या चालीला त्यांची निकड नव्हती, आणि शोध विस्मृतींत गेला. चाळीस वर्षांनंतर बेलफास्ट येथील पशुवैद्य जॉन बॉइड डनलॉप यानें आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीकरितां तीच कल्पना पुन्हां स्वतंत्रपणें शोधून काढली व १८८८ सालीं पेटंट घेतलें. थॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आल्यावर डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. परंतु तोंपर्यंत १८८९ मध्यें बेलफास्टच्या सायकल शर्यतींत हवेच्या टायरांनीं विजय मिळविला होता. थॉमसनच्या काळीं ज्याची गरज नव्हती, त्याची गरज आतां वेगानें उत्पन्न केली होती.

मोटारीच्या बाबतींत हा प्रयोग प्रथम फ्रान्समधील आंद्रे व एदुआर मिशलँ या बंधूंनीं केला. जून १८९५ मध्यें पॅरिसहून बोर्डोपर्यंत जाऊन परत पॅरिसला येण्याची, सुमारें १,१७८ किलोमीटरांची शर्यत झाली. पहिला आला तो एमिल लेव्हासोर. त्यानें हें अंतर एकोणपन्नास तासांच्या आंत कापलें, आणि त्याच्या गाडीच्या चाकांवर भरीव रबर होतें. मिशलँ बंधूंनीं स्वतः चालविलेल्या गाडीचें नांव ‘एक्लेर’, म्हणजे विद्युल्लता, आणि तिच्या चाकांत हवा होती. नांवाप्रमाणें ती चमकली मात्र नाहीं. टायर वारंवार फुटत, वाटेंत थांबून ते दुरुस्त करावे लागत, आणि शंभर तासांची मुदत संपल्यावर ती कशीबशी पॅरिसला पोंचली. त्या दिवशीं कोणी निकालाचा आंकडा पाहून टायर निवडले असते, तर त्यानें भरीव रबरच घेतलें असतें. परंतु दहा वर्षांच्या आंत शर्यतीच्या मोटारींवरून भरीव रबर नाहींसें झालें. हवेचा टायर फुटतो हा त्याचा दोष खरा; पण वाढत्या वेगाचे धक्के भरीव रबराला सोसवेनात, आणि ते सारे गाडीच्या सांगाड्यास बसूं लागले. एका शर्यतीचा निकाल हा निवडीचा आधार नव्हे, हा या प्रसंगाचा पहिला धडा.

दुसरा धडा १९०६ सालचा आहे. त्या वर्षीं २६ व २७ जून रोजीं फ्रान्समधील ल मां शहराजवळ पहिली ग्रां प्री शर्यत झाली. सुमारें १०३ किलोमीटरांची फेरी, रोज सहा फेऱ्या, आणि दोन दिवसांत एकूण १,२३८ किलोमीटर अंतर. बत्तीस मोटारी निघाल्या आणि अकरा शेवटास पोंचल्या. उन्हाळा कडक होता. धूळ उडूं नये म्हणून रस्त्याला डांबर फांसलें होतें, तें वितळून चालकांच्या डोळ्यांत उडूं लागलें. नियम असा होता कीं, वाटेंत गाडीला हात लावावयाचा तो चालकानें आणि त्याच्या सोबतच्या यंत्रज्ञानें. तिसऱ्या कोणीं नाहीं. टायर फुटला म्हणजे या दोघांनीं तो सुरीनें कापून काढावा, नवा टायर कडेवर ओढून बसवावा आणि त्यांत हवा भरावी. तापलेल्या चाकावर हें काम करतांना पंधरा मिनिटें सहज जात.

रेनो कंपनीच्या गाडीवर फेरेन्स सिस हा हंगेरींत जन्मलेला चालक होता. त्याच्या मागील चाकांना मिशलँनें सुटें कडें लावलें होतें. टायर चढवून व हवा भरून तयार ठेवलेलें कडें बोल्ट सोडवून बदलतां येई, आणि सारें काम चारएक मिनिटांत उरकत असे. या सुट्या कड्यांनीं चाकांचें वजन वाढे, आणि गाडीचें वजन हजार किलोग्रॅमहून अधिक असूं नये असा नियम असल्यानें कित्येकांना तीं घेतां आलीं नाहींत. सिसनें एकंदर सवाबारा तासांत शर्यत जिंकली व दुसऱ्या क्रमांकाच्या फेलिचे नाझारोला सुमारें बत्तीस मिनिटांनीं मागें टाकलें. नाझारोच्या फियाट गाडीलाहि तशींच कडीं होतीं. सिसचें कौशल्य थोर होतें यांत शंका नाहीं. पण टायर फुटणारच हें गृहीत धरून, तो बदलावा कसा याचा विचार आधींच केलेला होता, हें त्या विजयाचें एक मोठें कारण होय.

पुढील काळांत टायराचें अंतरंग बदललें. आरंभींचे टायर फिकट रंगाचे असत. रबरांत बारीक काजळी मिसळली तर तें झिजेला कितीतरी अधिक तोंड देतें, हें विसाव्या शतकाच्या आरंभीं ध्यानांत आलें. आज आपण टायर काळाच असावयाचा असें समजतों, तो रंग या काजळीचा. आंतील विणलेल्या कापडाच्या जागीं समांतर दोऱ्यांचे थर आले. विणकामांत उभे व आडवे धागे एकमेकांवर घांसून तुटत. समांतर दोरे रबरांत सुटे बसविल्यानें तो घांस कमी झाला. तरीहि हे थर टायराच्या अंगावर तिरपे, एकमेकांना छेदून घातलेले असत. चाक फिरतांना ते एकमेकांविरुद्ध हलत आणि उष्णता निर्माण करीत. आणि टायराची बाजू दबली कीं तिच्याबरोबर तळहि वेडावांकडा होई.

१९४६ सालीं मिशलँनें ज्या रचनेचें पेटंट घेतलें व जी १९४९ पासून ‘एक्स’ या नांवानें बाजारांत आली, तिनें हा दोष मुळापासून काढला. तींत दोरे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे, चाकाच्या आऱ्यांच्या दिशेनें, जातात. आणि तळाखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचिक राहते, तळ सपाट राहतो. यालाच रेडियल टायर म्हणतात. तो कमी तापतो, अधिक टिकतो आणि वळणावर रस्ता अधिक धरतो.

मग जुन्या स्पोर्ट्स मोटारीला डोळे मिटून रेडियल टायर चढवावे काय? येथें विचार करावा लागतो. मार्च १९६१ मध्यें जिनीव्हाच्या प्रदर्शनांत जग्वार कंपनीची ‘ई-टाइप’ गाडी प्रथम दिसली, तेव्हां तिला डनलॉपचे तिरप्या थरांचे टायर होते; पुढें याच गाडीला रेडियल टायर आले. तिरप्या थरांचा टायर वळणावर हळूहळू घसरूं लागतो व चालकाला आधीं सूचना देतो. रेडियल टायर बराच वेळ घट्ट धरून राहतो, पण सोडतो तेव्हां जुन्या टायराहून अधिक अकस्मात् सोडतो. जुन्या गाडीचा सांगाडा, स्प्रिंगा व सुकाणूं पहिल्या जातीच्या टायराला जुळवून केलेलीं असतात. म्हणून तिच्या मालकानें निवड करतांना गाडीची मूळ जुळणी विसरूं नये. आणि दोन जाती मिसळणें तर घातकच. पुढच्या चाकांना रेडियल व मागच्यांना तिरप्या थरांचे टायर लावले, तर गाडीचा पुढचा भाग रस्ता धरतो आणि मागचा सुटतो. भर वळणांत गाडी गर्रकन् फिरते. एकाच आंसावर दोन जाती कधींच असूं नयेत.

इतकी प्रगति झाल्यावर तरी निवडीचा प्रश्न सुटला असेल असें वाटतें. परंतु १९ जून २००५ रोजीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें जें घडलें, त्यावरून तसें म्हणवत नाहीं. त्या वर्षीं फॉर्म्युला वन शर्यतींचा नियम असा होता कीं, अंतिम पात्रता फेरी व शर्यत मिळून टायरांचा एकच संच वापरावा. इंडियानापोलिसच्या मार्गावर एक उतरत्या बाजूचें, अतिवेगाचें वळण होतें. सरावाच्या दिवशीं त्या वळणावर राल्फ शूमाखरच्या गाडीचा मागचा डावा टायर निकामी झाला व गाडी भिंतीवर आदळली. तपासणी झाल्यावर मिशलँ कंपनीनेंच सांगितलें कीं, हे टायर या वळणावर पूर्ण शर्यत टिकतील अशी ग्वाही आम्ही देऊं शकत नाहीं. वळणाआधीं वेग कमी करणारा अडथळा घालावा, अशी सूचना आली. नियामक संस्थेनें ती मान्य केली नाहीं. शर्यतीआधींची फेरी घेऊन मिशलँ टायरांच्या चौदा गाड्या परत फिरल्या. ब्रिजस्टोन टायरांच्या सहाच गाड्या धांवल्या. मायकेल शूमाखर पहिला आला. चौथा आला तो आपल्या देशाचा नारायण कार्तिकेयन.

ज्या कंपनीच्या सुट्या कड्यांनीं १९०६ ची शर्यत जिंकून दिली, त्याच कंपनीवर नव्व्याण्णव वर्षांनीं ही वेळ आली. तिचे टायर वाईट होते असें कोणी म्हणणार नाहीं. त्याच वर्षीं त्याच टायरांनीं दुसऱ्या मार्गांवर अनेक शर्यती जिंकल्या. ते त्या एका वळणासाठीं योग्य नव्हते, इतकेंच. परंतु प्रेक्षकांचा रोष पत्करून चौदा गाड्या मागें घेतल्या गेल्या आणि चालकांचे जीव धोक्यांत घातले गेले नाहींत, हेंहि विसरूं नये.

यावरून घरच्या मोटारीचा टायर निवडणाऱ्यानें काय घ्यावें? ‘सर्वांत उत्तम टायर कोणता’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या गाडीला, कोणत्या रस्त्यावर, कोणत्या ऋतूंत, हें जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाहीं. टायराच्या बाजूवर माप, भार व वेग यांच्या खुणा असतात. ‘एच’ म्हणजे ताशीं २१०, ‘व्ही’ म्हणजे २४०, ‘डब्ल्यू’ म्हणजे २७० व ‘वाय’ म्हणजे ३०० किलोमीटर. गाडीच्या कारखानदारानें सांगितलेल्या खुणेहून खालची खूण घेऊं नये. पण केवळ मोठी खूण पाहून भुलूंहि नये. शर्यतीच्या मार्गासाठीं केलेला मऊ, उथळ खांचांचा टायर आपल्याकडील मुसळधार पावसांत पाण्यावर तरंगूं लागतो, आणि मग सुकाणूं व ब्रेक दोन्ही व्यर्थ होतात.

वयहि पाहावें. २००० सालापासूनच्या टायरांवर चार अंकांची खूण असते. पहिले दोन अंक वर्षांतील आठवडा सांगतात व पुढचे दोन साल. ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. स्पोर्ट्स मोटार बहुधा वर्षांतून थोडीच फिरते. तिच्या टायरांच्या खांचा नव्यासारख्या दिसतात, पण आंतील रबर वयानें कठीण होऊन गेलेलें असतें. झीज डोळ्यांना दिसते, वार्धक्य दिसत नाहीं. म्हणून असा टायर अधिक फसवा.

बैलगाडीच्या धांवेचा आवळ लोहाराला चाकावर हातोडी मारून ऐकतां येतो. टायराला तशी सोय नाहीं. गाडी विकत घेतांना आपण इंजिनाची शक्ति विचारतों, रंग निवडतों, आसनें चाचपून पाहतों. आणि टायर बदलण्याची वेळ आली म्हणजे स्वस्त काय तें विचारतों. वास्तविक वळणावर, पावसांत, अंधारांत आपल्या शेजारीं बसलेलीं माणसें त्या चार तळहातांच्या विश्वासावर बसलेलीं असतात. निवडतांना त्यांची आठवण ठेवावी, एवढीच विनंति.