एका चौकटीत न मावणारा दगड

नागोठण्याजवळ अंबा नदीवर एक जुना पूल आहे. सोळाव्या शतकात चौलच्या काझी अलाउद्दीनने तो बांधला, असं सांगतात. पुलाभोवतीचा सगळा मुलूख काळ्या कातळाचा, म्हणजे बेसॉल्टचा. या कातळाची चकती 0.03 मिलिमीटरपर्यंत घासली की तिच्यातून चक्क उजेड आरपार जातो. खडकांचं असं सूक्ष्मदर्शन हेन्री सॉर्बी यांनी 1858च्या शोधनिबंधातून रूढ केलं.

पण भिंगाखाली एका वेळी जेमतेम दोन मिलिमीटर दिसतात. सह्याद्रीतल्या काही थरांत प्लेजिओक्लेजचे स्फटिक काही सेंटिमीटर लांब असतात. भिंग नेमकं अशा स्फटिकावर थांबलं तर आख्खा दगडच पांढरा वाटेल, थोडं बाजूला सरकलं तर स्फटिकाचा पत्ताच नाही. दोन्ही फोटो खरे आणि दोन्ही फसवे.

मग काचपट्टी थोडी थोडी सरकवत फोटो काढायचे. तीन बाय दोन सेंटिमीटरच्या चकतीला तीनशेहून जास्त लागतात, कारण प्रत्येक फोटोची कड शेजारच्यावर चढलेली हवी. पूर्वी छापील फोटो कापून डिंकाने चिकटवत. कोपऱ्यात उजेड कमी पडायचा, त्यामुळे जोडचित्र फरशीसारखं चौकटीचौकटींचं दिसायचं. (संगणकावरही ही खोड जाते ती उजेड सारखा करून घेतल्यावरच.) दोन चित्रं किती सरकली आहेत हे गणिताने काढायची रीत कुग्लिन आणि हाइन्स यांनी 1975मध्ये मांडली. 2009मध्ये प्राइबिश आणि सहकाऱ्यांनी सूक्ष्मदर्शकाच्या चित्रांसाठी मोफत जोडणी-साधन दिलं. तुमच्या फोनमधला पॅनोरमा याच कुळातला. मात्र बारीक, एकसारख्या दाण्यांच्या दगडात यंत्र चुकीचा सांधाही आत्मविश्वासाने जुळवतं. मग एकच स्फटिक दोनदा मोजला जातो.

हीच अडचण जमिनीवरही आहे. घाटात जवळजवळ आडवे असलेले लाव्हाचे थर कोकणात पश्चिमेकडे झुकतात. या वाकाला ‘पनवेल फ्लेक्शर’ म्हणतात. जॉन ऑडेन यांनी (कवी डब्ल्यू. एच. ऑडेन यांचे थोरले भाऊ) 1949मध्ये पश्चिम भारतातल्या डाइकांवर, म्हणजे थरांत भिंतीसारख्या उभ्या घुसलेल्या दगडांवर लिहिताना त्याची चर्चा केली. इथे, तिथे उघडा कातळ गाठायचा, उतार मोजायचा, नकाशावर मांडायचा. पण दोन कातळांच्या मध्ये भातखाचरं, खाड्या, गावं. चढलेली कडच नाही. म्हणून थर खरोखर वाकले की प्रस्तरभंगाने तुटून कलले, हा वाद पुढेही चालू राहिला.